निगेटिव्ह सगळे एकत्र पिळायचे? : स्पीकर स्विच बॉक्सचं वायरिंग

सोल्डरसम्राट
तालमीच्या हॉलसाठी चार जोड्यांचा, लेबल नसलेला स्विच बॉक्स (एकाच अँप्लीवर चार स्पीकर-जोड्या बटणानं लावणारा) मिळालाय, आतलं वायरिंग कसं ओळखायचं, एवढाच इथं एकाचा प्रश्न होता. त्याला काल उत्तर आलं : "उघडायची गरजच न्हाई, सगळे निगेटिव्ह एकत्र पिळा, पॉझिटिव्हला बटण लावा, विषय संपला." विषय न्हाई भावा, अँप्ली संपंल.

आधी बॉक्सपासून अँप्ली आणि स्पीकर दोन्ही सोडवा. स्पीकर लागलेला असताना मल्टीमीटरचा बझर फसवतो. ८ ओमचा स्पीकर मीटरवर ६-७ ओमच दाखवतो आणि तेवढ्यावर बझर खुशाल वाजतो. म्हणून २०० ओमची रेंज घ्या, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो वजा धरा.

सगळी बटणं बंद ठेवून इनपुटचा डावा निगेटिव्ह आणि उजवा निगेटिव्ह यांच्यात बघा. शून्य आलं तर ते आतच बांधलेत. मग 'अ' दाबा. इनपुट पॉझिटिव्ह ते अ पॉझिटिव्ह शून्य म्हणजे थेट जोड, २.५ किंवा ५ ओमच्या आसपास म्हणजे मधे सिमेंटचा रेझिस्टर. 'अ' तसाच ठेवून 'ब' दाबा. अ निगेटिव्ह इनपुटपासून सुटून ब पॉझिटिव्हला मिळाला तर दोन्ही सिरीजमध्ये गेले. इनपुटच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्येच एखादा ओम दिसला तर 'शॉर्ट हाय' म्हणून फेकू नका, आत ट्रान्सफॉर्मर असू शकतो. चार बटणं म्हणजे सोळा स्थिती, कागदावर मांडा.

जुनाअँप्ली
काल ते मीच लिहिलं, आणि आजही तेच म्हणतो. अँप्लीचा आयसी टीडीए२०३० घ्या नाहीतर एलएम३८८६, प्लस-मायनस सप्लायवर निगेटिव्ह ग्राउंडलाच असतो. कॉमन केला तर काय बिघडतं? वायर वाचते. मीटर हातात आला की लोकांना सगळीकडं आजारच दिसतो.

सोल्डरसम्राट
आणि आत्ताचे ब्लूटूथ बोर्ड? टीपीए३११६, पीएएम८६१०, टीडीए७२९७, सगळे ब्रिज. त्यांच्या 'निगेटिव्ह'वरही आउटपुटच असतो. दोन चॅनेलचे निगेटिव्ह पिळले म्हणजे दोन आउटपुट एकमेकांच्या अंगावर घातले. नशीब असलं तर प्रोटेक्शन लागंल, नसलं तर आयसीचा धूर. तपासायला एक मिनिट पुरतं. अँप्ली चालू, आवाज शून्य, स्पीकर काढलेले, मीटर डीसीवर. काळा प्रोब सप्लायच्या ग्राउंडला, लाल स्पीकरच्या निगेटिव्हला. एकाच सप्लायच्या (प्लस-मायनस नसलेल्या) बोर्डावर शून्य आलं तर तुमचं खरं, काही व्होल्ट दिसले तर ब्रिज.

तांबडापांढरा
बॉक्समधल्या वायरींचे रंग खरे का ते कुणी तपासतच न्हाई! तांबडा-पांढरा ताटात ठीक, बॉक्समध्ये रंगावर विश्वास ठेवू नका. स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथं टेकला तो पॉझिटिव्ह. एक स्पीकर उलटा लागला की बास गायब, मग लोक बॉक्सला शिव्या देतात.

शंभरव्होल्ट
हॉल, गॅलरी, स्वयंपाकघर, बाहेरचा कट्टा, एवढं पसरलंय तर बॉक्स हवाच कशाला? १०० व्होल्ट लाइन टाका, म्हणजे अँप्लीकडं ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज चढवायचं, प्रत्येक स्पीकरपाशी ट्रान्सफॉर्मरनं उतरवायचं. ६० वॉटला ८ ओमवर सुमारे २.७ अँपिअर जातात, १०० व्होल्टला ०.६. वायर बारीक चालते, स्पीकरचे टॅप (त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेले वॉट) बेरजेनं मोजायचे, संपलं.

जुनाअँप्ली
आला लाइनवाला! स्वस्त लाइन ट्रान्सफॉर्मरचा कोर बासला सॅच्युरेट होतो. आरती ठीक, भजनात पखवाजाचा धूम लागला की पत्र्याचा डबा.

शंभरव्होल्ट
मोठा कोर घ्या की. पैसे ट्रान्सफॉर्मरवर वाचवायचे आणि नावं लाइनला ठेवायची! तुमची १ चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर नेली की जाऊन-येऊन ०.७ ओम तिथंच गेले. ते कुणी मोजलं?

जुनाअँप्ली
८ ओमपुढं ०.७ काय, कान फाटत न्हाईत त्यानं.

शंभरव्होल्ट
आणि चारही जोड्या एकदम लागल्यावर? तेव्हा भार २ ओम असतो, मालक.

सोल्डरसम्राट
लाइनचं नंतर भांडा, पण आकडा बरोबर हाय. ८ ओमचे चार पॅरलल म्हणजे प्रत्येक चॅनेलला २ ओम, बहुतेक अँप्लीला न झेपणारं. रेझिस्टर त्यासाठीच असतो. २.५ ओम टाकला की ४.५ होतात, पण निम्म्याहून जास्त पॉवर रेझिस्टरच खातो. ५० वॉट सोडले तर २८ वॉट नुसती उष्णता, आणि आत रेझिस्टर २० वॉटचा. बॉक्स तापतोय ही तक्रार तिथूनच येते. एकच जोडी चालू असतानाही जवळपास पाव पॉवर जाते, म्हणून तेव्हा हा रेझिस्टर बायपास करायचं बटण असलं तर वापरा. दुसरी जोडी दाबायच्या आधी मात्र रेझिस्टर परत लावा.

जुनाअँप्ली
बरं बाबा, ब्रिजवाल्यांनी दोन्ही तारा तोडणारं बटण लावा. एका स्टीरिओ जोडीला चार पोल (एका पोलवर एकच तार तुटते), चार जोड्यांना सोळा. बटणाचा खर्च बोर्डाच्या वर गेला तर मला सांगू नका.

शंभरव्होल्ट
लाइनला घरातलं दिव्याचं बटणसुद्धा चाललं असतं.

जुनाअँप्ली
हो, आणि पखवाज शेजारच्या तालमीत ऐकायला गेले असते.