नव्या शिल्पातून खेळाची परंपरा रुजवता येते का?

परदेशस्थ (प्रश्न)
मी अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयात शिकवतो. गेल्या वर्षीच्या वादळात आमच्या आवारातला अक्रोडाचा जुना वृक्ष उन्मळून पडला. त्याच्या बुंध्यातून आमच्या संघांचे चिन्ह असलेला ससाणा हाताने कोरून घ्यावा, तो मैदानाकडे नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी बसवावा आणि प्रत्येक खेळाडूने सामन्याआधी त्याच्या चोचीला हात लावूनच आत जावे, असे क्रीडा विभागाने ठरवले आहे. समितीत मलाही घेतले आहे. कल्पना मला मनापासून आवडली. मात्र "पुढील हंगामापासून नवी परंपरा सुरू होईल" हे सूचनापत्रातले वाक्य वाचल्यापासून मी थोडा साशंक झालो आहे. हजारो हातांखाली लाकूड टिकेल का, आणि परंपरा अशी जाहीर करून रुजते का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

लाकूडवेडा
पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोचीत आहे. उभ्या बुंध्यातून पक्षी कोरला की लाकडाचे तंतू वरून खाली जातात आणि पुढे आलेली चोच त्यांना आडवी येते; त्या ठिकाणी तंतू इतके आखूड उरतात की एखाद्याने उत्साहाच्या भरात टोक धरून झटका दिला तरी ती मुळापासून सुटेल. त्यामुळे मान खाली वळवून चोच छातीला टेकवलेली घ्यावी, किंवा हात लावण्याची जागाच बदलून पंखाचा रुंद, गोलसर खांदा निवडावा.

दुसरे असे की पडलेला बुंधा लगेच कोरायला घेऊ नये. फळ्या वाळवताना दर इंच जाडीला साधारण एक वर्ष असा ठोकताळा आहे; अखंड ओंडका तर आतून त्याहून कितीतरी हळू वाळतो आणि गाभा तसाच ठेवला तर त्यातून भेगा बाहेर धावतात. म्हणून गाभा मागून पोखरून काढावा आणि कापलेल्या दोन्ही टोकांना मेण लावून ठेवावे. "पुढील हंगाम" विसरा, असे मी स्पष्टच सांगेन. हाताच्या तेलाने अक्रोड काळपट आणि तुकतुकीत होत जातो. ते बिघडणे समजू नका.

जुना खेळाडू
दुसऱ्या प्रश्नासाठी मेरीलँड विद्यापीठातील टेस्ट्युडो या कासवाकडे पाहावे. 1933 च्या तुकडीने दिलेला तो ब्राँझचा पुतळा पुढे प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी पळवला, आणि शेवटी त्याच्या पोटात सिमेंट भरून त्याला चौथऱ्याला जखडावे लागले. आज विद्यार्थी जाता-येता त्याचे नाक चोळतात, त्यामुळे तेवढेच नाक सोनेरी चमकते. परीक्षेच्या दिवसांत त्याच्यापुढे खाऊपासून वाटेल त्या वस्तूंचा नैवेद्य साचतो. हे कोणत्याही समितीला सुचले नसते.

क्लेमसन विद्यापीठाचा हॉवर्ड्स रॉक तर शिल्पही नाही. तिथले फुटबॉल प्रशिक्षक फ्रँक हॉवर्ड यांना कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीतून आणून दिलेला तो दगड काही काळ त्यांच्या दाराला अडसर म्हणून पडून होता. 1966 मध्ये तो मैदानालगतच्या टेकडीच्या माथ्यावर चौथऱ्यावर बसवला गेला, आणि जीव ओतून खेळणार नसाल तर याला हात लावू नका अशा अर्थाची तंबी हॉवर्ड यांनी 1967 मध्ये दिल्यावर खेळाडू तो चोळून मैदानात उतरू लागले. स्पर्शावर अट घातली गेली, सक्ती झाली नाही, हा फरक आपल्या समितीला जरूर सांगावा. (2013 मध्ये कुणीतरी त्याची संरक्षक पेटी फोडून एक तुकडा तोडला. बोगद्याशी रात्रीचा दिवा असू द्यावा.)

अरण्यवाट
लाकडाचेच उदाहरण हवे असेल तर ओरेगनमधील प्लॅटिपस ट्रॉफी घ्या. एका विद्यापीठाचे चिन्ह बदक, दुसऱ्याचे बीव्हर. म्हणून बदकाची चोच आणि बीव्हरसारखी शेपूट असणारा प्लॅटिपस हा प्राणी 1959 मध्ये वॉरन स्पेडी या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कोरला. हे शिल्प जेमतेम तीन वर्षे या दोन विद्यापीठांमधल्या फुटबॉल सामन्याच्या विजेत्यांकडे गेले, मग हरवले, आणि 2005 मध्ये सापडले. कल्पना चोख आणि कारागिरीही चांगली, तरी चाळीसहून अधिक वर्षे ते विस्मरणात राहिले, कारण त्याची आठवण ठेवणे हे कुणाचेच काम नव्हते. आपला ससाणा कोणाच्या ताब्यात राहील, वर्षाकाठी त्याला तेल कोण लावील, हे आधी लिहून ठेवावे. माझ्या मते हे काम दरवर्षी संघातल्या सर्वांत नवख्या खेळाडूंकडे द्यावे. ज्याने हाताने तेल चोळले आहे त्याला पुढे स्पर्श करायला सांगावे लागत नाही.

परदेशस्थ
सर्वांचा आभारी आहे. काल कारागिराला भेटलो; चोचीचे ऐकताच त्यांनी हसून मान डोलावली आणि छातीला चोच टेकवलेल्या ससाण्याचे कच्चे रेखाटन पुढे केले. ते त्यांनी आधीच काढून ठेवले होते. तेल लावण्याचे काम नवख्या खेळाडूंना देण्यास प्रशिक्षक तयार आहेत आणि अनावरण दोन वर्षांनी पुढे गेले आहे. चौथऱ्यावरच्या फलकावरील "स्पर्श करूनच मैदानात उतरावे" ही ओळ मात्र काढून टाकावी, असे मी सुचवले असता क्रीडा विभागाच्या संचालकांना ते अद्याप पटलेले नाही.