मदत हवी आहे : लंडनमध्ये पाच महिने – भाकरी, शेकशेगडी आणि आमचे हे

गोलाईकर काकू

नमस्कार मंडळी. मी लातूरची, वय ५९. १२ ऑक्टोबरला आम्ही दोघं नवराबायको मुंबईहून लंडनला मुलाकडं चाललोय, ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. सून नोव्हेंबरात बाळंत व्हायचीय. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं, पण विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पोरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा बाळंतपण माझ्याकडं आलं. मी विमानात अजून बसलेली नाही. लातूर सोडून सलग राहिले ते पुतण्याच्या लग्नात पुण्याला, ९ दिवस.

मुलाला विचारलं तर म्हणतो, आई, काही आणू नको, इथं सगळं मिळतं. हेच वाक्य तो हॉस्टेलात असताना पण म्हणायचा, आणि तेव्हा महिना महिना चहा-बिस्किटावर काढायचा. म्हणून तुम्हाला विचारायलेय.

चार बॅगा आहेत, प्रत्येकी २३ किलो. ज्वारीचं पीठ १० किलो, येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी. बाळंतिणीसाठी डिंक, अळीव, खारीक, खोबऱ्याच्या वाट्या, खसखस, ओवा, बाळंतशेपा, गावरान तूप २ किलो. लोखंडी तवा. किराणा दुकानातून अडकवायचा काटा आणलाय. काल रात्री एक बॅग दाराच्या कडीला टांगली तर काटा २७ वर गेला आणि कडीच निखळली. यातलं काय ठेवू, काय काढू? शेकशेगडीचं तिथं काय करतात? थंडीचे कपडे इथून घ्यायचे का?

पण खरा प्रश्न पुढंच आहे, आणि तो मुलाला विचारता येत नाही.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते, ३३ वर्षं. रिटायर होऊन ४ वर्षं झाली, तरी रोज पहाटे स्टँडवर जातात. चहा पितात, कुठली गाडी लेट हाय ते बघतात, एखाद्या म्हातारीला नांदेडच्या गाडीत बसवून देतात, मग घरी येतात. घरात सलग दोन तास बसवत नाही यांना. पुण्याच्या त्या लग्नघरी चौथ्या दिवशी वॉचमनशी भांडले आणि मला न सांगता लातूरची गाडी धरली. पुण्याहून निघता येतं हो. लंडनहून कसं निघणार?

तिथं म्हणे हिवाळ्यात दुपारी ४ लाच दिवेलागण होते. मुलगा कामावर, मी बाळंतिणीच्या खोलीत. यांचं इंग्रजी म्हणजे फुल, हाफ आणि 'चेंज द्या'. शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. हे दिवसभर काय करतील? कुणी आपल्याकडचं माणूस असं राहून आलंय का?

मांजराकाठचा

काकू, काही टेन्शन घेऊ नका. मी ४ किलो तूप नेलं होतं, कुत्र्यानं सुद्धा विचारलं नाही. न्या बिनधास्त.

अंबाजोगाईची लेक

वरच्या भाऊंचं ऐकू नका. त्यांचं नशीब चांगलं, तुमचं असेल असं नाही.

काकू, मी हीच वाट दोनदा तुडवलीय, २०२२ ला आणि २०२४ ला, लेकीच्या दोन्ही बाळंतपणांना. पहिलं तूप काढा. दूध, तूप, खवा, पनीर, मांस असलं काहीच आपल्याकडून ब्रिटनमध्ये न्यायचं नसतं. घरचं असो नाहीतर सीलबंद डब्यातलं. तिथं बिनमिठाचं बटर आणायचं आणि कढवायचं. इतकं रवाळ तूप होतं की मला आपल्या म्हशीची लाजच वाटली.

दुसरी खसखस. तुमचं विमान दुबईमार्गे असलं तर खसखशीचा दाणाही बॅगेत नको. तिथं ती अमली पदार्थांत धरतात, थेट जेल. गंमत म्हणजे लंडनच्या दुकानात तीच खसखस उघड विकायला असते. पण वाटेत दुबई आहे ना! तिसरं खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. तेल असतं, पेट घेतं म्हणून. माझ्या बॅगेतून अकरा वाट्या काढून घेतल्या, मी मोजून भरल्या होत्या.

तेव्हा डिंकाचे लाडू तिथंच वळा. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा सगळं सुकं, पाकीटबंद आणि वर नाव लिहिलेलं न्या. येसर मात्र न्याच न्या. सगळं मिळतं म्हणतात पण येसर मला कुठं दिसलं नाही. आणि बाळंतिणीला पाचव्या दिवशी येसराच्या आमटीत भाकरी कुस्करून दिली ना, पोरगी रडली माझी.

पीठ १० किलो कशाला? ज्वारीचं पीठ महिनाभरात उतरतं. वास येतो आणि थापताना कडा फुटतात. ३ किलो न्या आणि फ्रीजरात ठेवा. पुढं तिथल्या गुजराती दुकानात 'जुवार' लिहिलेलं पाकीट मिळतं. ते जुनंच असतं, म्हणून पाण्याला खळखळून उकळी आणून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायचं.

आता शेगडी. विसरा. कोळसा, धुरी, काही नाही. तिथं प्रत्येक घरात छताला धुराची घंटी असते. पहिल्या दिवशी मी ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या. दोन मिनिटांत ती पांढरी डबी अशी किंचाळायला लागली की जावई अंघोळीतून टॉवेलवर धावत आले, खुर्चीवर चढले आणि तिच्यापुढं पेपर हलवत उभे राहिले. सासू-जावयाची अशी भेट कुणाची होऊ नये. तवा तापायच्या आधी खिडकी उघडायची, पंखा लावायचा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं. घंटीची बॅटरी काढायची नाही, जावयानं हात जोडून सांगितलं होतं. शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी आणि ओव्याची पुरचुंडी पुरते.

अजून एक. दवाखान्यातून बाळंतिणीला लवकर सोडतात, कधी दुसऱ्याच दिवशी. मग मिडवाइफ घरी येते बघायला. ती बाळाला पाठीवरच निजवा म्हणते, पाळण्यात उशी-गोधडी ठेवू देत नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही हे फार कडक सांगते. मी पहिल्यांदा वाद घातला. दुसऱ्यांदा गप्प बसले आणि घर शांत राहिलं.

बाथरूमचं मुलगा सांगायला विसरेल म्हणून मी सांगते. फरशीला मोरी नसते. टबातच अंघोळ, बाहेर एक तांब्या सांडला तर खालच्याच्या छतातून गळतं.

नांदेडवाला

काकांची शुगर आणि बीपी विम्याच्या फॉर्मवर लपवू नका. एजंट म्हणतात 'नो' टिक करा, हप्ता कमी येतो. मग क्लेमच्या वेळी हात वर. तिथल्या सरकारी दवाखान्यात इमर्जन्सीला तपासायचे पैसे घेत नाहीत, पण पाहुण्या माणसाला भरती केलं की बिल लागतं, आणि ते साध्या दराच्या दीडपट. ५ महिन्यांच्या गोळ्या, त्यावर औषधाचं मूळ नाव असलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, दोन्ही हातातल्या पिशवीत. तब्येतीचं विचारायला १११, जिवावर बेतलं तर ९९९.

विमान मुंबईहूनच का? आपल्याला हैदराबाद जवळ पडतं, तिथून लंडनला थेट विमान आहे. दुबई पण टळेल आणि खसखस पण नेता येईल.

गोलाईकर काकू

अंबाजोगाईच्या ताई, तुमचे उपकार. तूप काढलं. तिकिटं मुंबईहून दुबईमार्गेच काढलीत पोरानं, म्हणून खसखस पण काढली. खोबरं काढताना जिवावर आलं.

पण सगळे बाळंतिणीचंच सांगायलेत. यांचं काय करू? मुलगा राहतो ती जागा स्ट्रेथम.

उदगीरचा पाहुणा

काकू, लिहितात स्ट्रेथम, म्हणायचं स्ट्रेटम. मी लंडनला दोन वर्षं काम करून मागच्या वर्षी परत आलो. आणि तुमचा हा प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण काकांसाठी याच्याइतकी चांगली जागा शोधून सापडली नसती.

तिथून १५९ नंबरची बस जाते. लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर होत्या ना, मागून उघड्या, आत कंडक्टर, रूटमास्टर म्हणायचे त्यांना. त्या रोजच्या सेवेतून सगळ्यात शेवटी निघाल्या त्या याच १५९ वरून, ९ डिसेंबर २००५ ला. काकांना एवढंच सांगा, बाकी ते बघून घेतील.

आता त्या बसला कंडक्टर नाही. पुढच्या दारानं चढायचं, मधल्या दारानं उतरायचं. ड्रायव्हर पैशाला हात लावत नाही, २०१४ पासून रोकड बंद आहे. ऑयस्टर नावाचं कार्ड मिळतं, त्यात पैसे टाकून घ्यायचे आणि चढताना पिवळ्या गोलाला टेकवायचं. उतरताना टेकवायचं नाही. माणशी एक कार्ड, दोघांत एक चालत नाही. मी होतो तेव्हा भाडं पावणेदोन पौंड होतं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, वेगळे पैसे नाहीत. ज्येष्ठांचा फुकट पास तिथं राहणाऱ्यांनाच मिळतो. तुमचं महिलांचं अर्धं तिकीट पण इथंच ठेवून जा.

इंग्रजीची भीती नको. प्रत्येक थांब्याचं नाव बस स्वतः बोलते आणि पाटीवरही दाखवते. घराजवळच्या थांब्याचं नाव मराठीत कागदावर लिहून खिशात द्या, पाठ करून घ्या. थांब्यावर उभं राहून हात करायचा, आपल्यासारखाच.

वरच्या मजल्यावर पुढची सीट धरायची. ब्रिक्स्टन, मग वेस्टमिन्स्टरचा पूल, पार्लमेंट, ट्राफल्गार चौक. पावणेदोन पौंडात इतकं लंडन कुणी दाखवत नाही. माझे वडील आले होते तेव्हा मी त्यांना ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, घेऊन फिरलो, चार दिवसांत म्हणाले, अरे हे तर बोगद्यात राहणं झालं. मग बसमध्ये बसवलं आणि पुढचे दोन महिने मला त्यांची काळजी राहिली नाही. उलट तेच मला कुठली बस कुठं वळते ते सांगायचे.

कोव्हेंट गार्डनला लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. तिकीट महाग वाटेल, पण एकदा काढलं की वर्षभर कितीदाही जाता येतं. आत जुन्या बस, घोड्यांच्या बससुद्धा, आणि कंडक्टर गळ्यात अडकवायचे ती तिकिटाची यंत्रं. पाऊस पडला की तिथं. नुसतं ऊबेत बसायचं असलं तर वस्तीतली सरकारी लायब्ररी, कुणी उठवत नाही.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहायचे ते घर पण बघून या, १०, किंग हेन्रीज रोड. महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला विकत घेतलंय. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. उघडं कधी असतं ते मुलाकडून आधी बघून घ्या. आणि मराठी बोलायला तोंड शिवशिवलं तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. ते स्ट्रेटमहून लांब आहे, पण काकांना लांबचाच रूट आवडणार.

स्वेटर लातूरहून घेऊ नका. ती थंडी ओली असते, वारं आत शिरतं. तिथं वापरलेल्या कपड्यांची चॅरिटीची दुकानं गल्लोगल्ली आहेत, चांगला जाड कोट स्वस्तात मिळतो. ज्वारी-डाळीसाठी ५७ नंबरची बस धरा आणि टूटिंगला उतरा, सगळा बाजार आपलाच वाटतो.

गोलाईकर काकू

उदगीरच्या भाऊ, काल रात्री तुमचं उत्तर यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. १५९ चं आलं तेव्हा म्हणाले, परत वाच. मग तारीख लिहून घेतली. मग विचारायलेत, कंडक्टर नाही तर सुट्ट्या पैशाचं भांडण करतं कोण? आणि एक तासात बदलली तर फुकट, म्हणजे मास्तरचा हिशोब कसा लागतो? मला काय माहीत! आज स्टँडवर गेले ते दोन तास आले नाहीत. डेपोतल्या सगळ्यांना सांगत बसले असतील.

ताई, एक राहिलं. मुलाकडं गॅस नाही, काचेची विजेची शेगडी आहे. भाकरी जाळावर फुगवतात, ज्योतच नाही तर?

अंबाजोगाईची लेक

तुमचा लोखंडी तवा बुडाशी सपाट आहे का ते बघा. खोलगट असला तर काचेवर नीट टेकत नाही, अर्धाच तापतो. सपाट असला तर चालतो. पाण्याचा हात फिरवून एक बाजू झाली की उलटायची, दुसरी चांगली भाजू द्यायची, परत उलटून कापडाच्या बोळ्यानं कडेकडेनं दाबत जायचं, मधे नाही. फुगते. पहिल्या चार फुगणार नाहीत, त्या तुम्ही खा. आणि तवा काचेवर आपटू नका, उचलून ठेवा. मी एक काच तडकवून आलेय.

गोलाईकर काकू

तवा खोलगट निघाला. काढला. बॅग आता २१ वर आलीय.

आता हे म्हणतात त्या म्युझियममध्ये दाखवायला माझा पंच नेतो. तिकिटाची मशीन यायच्या आधीचा आहे, दांडीवर टकटक करायचे तोच. हातातल्या पिशवीत टाकून बसलेत.

नांदेडवाला

हातातल्या पिशवीत नको काकू, तपासणीत काढून घेतील, पकडीसारखा दिसतो. मोठ्या बॅगेत टाका.

गोलाईकर काकू

टाकला. तुपाची बरणी काढली होती त्या जागेत बरोबर बसला.