हातवळणीची सिगार आणि शाळेला देणगी: निपाणीनं यातून काय घ्यावं?

वेदगंगाकाठ
डॉमिनिकन रिपब्लिकमधलं फुएन्ते घराणं 'ओपस एक्स' ही महागडी सिगार बनवतं. तिचं वरचं, म्हणजे बाहेरून गुंडाळायचं पान ते स्वतःच्याच शेतात, कापडाच्या सावलीत पिकवतात. त्यांनी आणि अमेरिकेतल्या न्यूमन घराण्यानं मिळून 2001 मध्ये धर्मादाय संस्था काढली. बोनाओजवळच्या त्या शेतांच्या परिसरात गरीब मुलांसाठी शाळा उभी राहिली. कारभाराचा खर्च ही घराणी स्वतः उचलतात, त्यामुळं देणगीदाराचा पैसा थेट कामाला लागतो. माझं मत स्पष्ट आहे: निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या तंबाखूवाल्यांनी हा नमुना उचलावा. पान आपलं, वळणारे हात आपले, मग मोल का वाढवू नये?

जर्दापारखी
हात आहेत हे खरं, पण पान ते नव्हे. निपाणीचा माल जाड, कडक, उन्हात वाळवलेला. पानावर पिकल्याचे ठिपके आले की झाड कापायचं, वाळवायचं आणि चुरून बिडीत भरायचा जर्दा करायचा. सिगारचं पान सावलीच्या छपरात टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात. मग पाणी मारून, जुड्या बांधून, माणसाच्या उंचीची रास लावतात. रास आतून तापते, अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो. ऊब ठरलेल्या मर्यादेवर गेली की रास मोडून आतलं पान बाहेर, बाहेरचं आत करायचं. एक पलटी चुकली तर पान काळं पडून दम जातो. ओल जास्त झाली तर बुरशी.

वळणंही वेगळं. भरण्याचं प्रत्येक पान दुमडून वाऱ्याला वाट ठेवावी लागते. पिळलं गेलं की ओढ बसते, धूर येत नाही. सगळ्यात जाड पान सावकाश जळतं, म्हणून ते बरोबर मध्यात हवं; कडेला सरकलं तर सिगार एका अंगानं जळत जाते. मग साच्यात दाबायचं, मधे फिरवायचं, नाहीतर अंगावर शिवण उठते. भारतात वरच्या पानासाठी नाव घ्यायचं तर कूचबिहारच्या दिनहाटा भागाचं. आपल्या काळ्या रानात पुढच्या हंगामात हे होईल असं कुणी शेतकऱ्याला सांगू नये.

अक्कोळ रस्ता
पानाचा प्रश्न बाजूला ठेवा, दानाचं बोला. इथं बिडी वळणाऱ्या बाईला हजार बिड्यांना साधारण पाव किलो जर्दा आणि वर गुंडाळायला मोजून तेंदूचं पान मिळतं. पान फाटकं निघालं, कमी पडलं, तर बाई पदरच्या पैशानं बाजारातून आणते. भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, शिरा खरवडायच्या, वळून तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. एवढं करून मोजणीला छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, निघते. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, पण माल कारखान्याकडेच राहिला तर तो गेला कुठं? आधी ही छाट फोडून टाका किंवा तिचे पैसे द्या, शाळेचं नंतर बघू. मजुरीतनं कापलेलं देणगी म्हणून परत देणं याला मी दान म्हणणार नाही.

वेदगंगाकाठ
पानाबाबत माघार घेतो, जर्दापारखींचं बरोबर आहे. पण ताई, मजुरी आणि शाळा यांत एकच निवडायला कोण सांगतंय? वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बाईच्या पोरीला आज फी लागते.

चिकोडी कोर्टगल्ली
ती फी हक्कानं मिळत होती, दादा. 1976 च्या कायद्यानं हजार बिड्यांमागं उपकर बसवला होता. त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, दवाखाने, घरांना मदत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. आता निधीला सरकारच्या तरतुदीकडं बघावं लागतं. मागायचंच असेल तर तो उपकर परत मागा. शिवाय 2003 च्या कायद्याच्या कलम 5 नं तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला बंदी आहे. शाळेच्या भिंतीवर छाप झळकवता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. सिगारचा धूर आत ओढत नसले तरी तोंडाचा कर्करोग चुकत नाही.

अक्कोळ रस्ता
पटलं. 1981 ला इथल्या शेतकऱ्यांनी महामार्गावर बसून गोळ्या झेलल्या, त्या तंबाखूच्या दरासाठी, देणगीसाठी नव्हे. उपकराची मागणी लिहिणार असाल तर पान वजन करून देण्याचं आणि छाट कामगारासमोर फोडण्याचं कलम त्यात घाला.

वेदगंगाकाठ
घालू. वखारीतल्या धुळीसाठी पंखा आणि मास्क हेही लिहा. छाटीचा मजकूर तुम्हीच द्या.