तथ्य, मूल्य, धोरण: या तीन वाक्यांना कुठला रंग द्यायचा?

ऐरोलीची_आई
मुलगा अकरावीला आहे, त्यांच्या मॅडमनी पानभर उतारा दिलाय आणि सांगितलंय की तथ्याची विधानं निळ्या पेनने, मूल्याची लाल आणि धोरणाची हिरव्या पेनने अधोरेखित करून आणा. उतारा ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर आहे. काल रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघं डायनिंग टेबलवर भांडत होतो, नवरा शेवटी टीव्हीचा आवाज वाढवून मोकळा झाला. सोपी वाक्यं झाली, म्हणजे ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं’ हे निळं, ‘गुलाबी पक्ष्यांनी भरलेल्या खाडीइतकं सुंदर शहरात दुसरं काही नाही’ हे लाल, ‘तलावाकाठचे प्रखर दिवे रात्री बंद ठेवावेत’ हे हिरवं. अडलंय ते तीन ठिकाणी. एक, ‘दिव्यांच्या झगमगाटामुळे पक्षी येईनासे झालेत’. दोन, ‘तब्बल 17 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य’ वगैरे. तीन, ‘पाणथळ जागा बुजवणं हा गुन्हा आहे’. पहिल्याला मी लाल म्हणतेय, कारण ते कुणाचं तरी मत आहे, सिद्ध कुठे झालंय? मुलगा म्हणतो निळं. कोण बरोबर?

नौपाड्याचा_प्रूफवाला
मुलगा बरोबर, ताई. घोळ ‘तथ्य’ या शब्दाचा आहे. आपण ‘त्यात काही तथ्य नाही’ म्हणतो ते खोटं आहे या अर्थी, त्यामुळे तथ्याचं विधान म्हटलं की डोक्यात खरं विधान येतं. इथे तसं नसतं. वस्तुस्थितीबद्दलचा दावा एवढंच बघायचं, मग तो खरा निघो की खोटा. उद्या कुणी लिहिलं की बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे 1863 ला आली, तर ते चूक आहे (16 एप्रिल 1853), पण रंग निळाच!

मी स्वतःला एकच विचारतो, यावर वाद झाला तर मिटवायला काय करू? मोजायचं, कागद काढायचा, जाऊन बघायचं असेल तर निळं. तुमच्या दिव्यांच्या वाक्यात पक्षी मोजता येतात, दिवे चालू असलेल्या रात्री आणि बंद असलेल्या रात्री. अर्थात भरती-ओहोटीही धरायला लागेल, कारण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की हे पक्षी नेरुळकडच्या पाणथळींत येऊन बसतात, मग कुणी भरतीला मोजलं आणि कुणी ओहोटीला तर दोघं आयुष्यभर भांडतील. मोजणं अवघड आहे म्हणून ते मत होत नाही.

घणसोली_फास्ट
एवढं कशाला, सोप्पी ट्रिक आहे. वाक्यात ‘पाहिजे’, ‘हवं’, ‘करावं’ दिसलं की डोळे मिटून हिरवं 😀

कोर्टनाक्यावरून
डोळे मिटू नका हो. ‘एव्हाना लोकल मुलुंडला पोचली असायला पाहिजे’ यात पाहिजे आहे, पण तो अंदाज आहे, ॲप उघडलं की कळतं, म्हणजे निळं. आणि उलटंही होतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, हे ऐकायला हुकूम वाटतं पण नियमात काय लिहिलंय त्याची माहिती आहे ती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका लिहितात ‘आपल्याकडे 9 लाच बंद व्हावा’, ते हिरवं. त्याच नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. ती 45 आहे हे निळं, पण 45 च का, 50 का नाही, यात कुणाच्या झोपेला किती भाव द्यायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

हिरव्या वाक्याखाली असं काहीतरी बहुतेक वेळा गाडलेलं असतं बघा. ‘दिवे बंद ठेवावेत’ कशावर उभं आहे? दिव्यांनी पक्ष्यांना त्रास होतो (निळं), आणि रात्री तिथे फिरायला येणाऱ्या बायकांना उजेड हवा असतो त्यापेक्षा पक्षी महत्त्वाचे (लाल). हे दुसरं उताऱ्यात कुठेच नसणार, पैज लावतो. लेखक आकडे देतो, आकडे देतो आणि मग ‘म्हणून’ लिहून सरळ पलीकडच्या काठावर. ‘आहे’ वरून ‘असावं’ वर अशी उडी मारतात ही तक्रार डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने 18 व्या शतकातच केली होती. मुलाला सांगा, प्रत्येक ‘म्हणून’ ला गोल करून ठेव, मॅडमनी मागितलं नसलं तरी.

‘गुन्हा’ चं मात्र आधीचं वाक्य बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कायद्यातला गुन्हा म्हणायचं असेल तर कलम उघडून बघता येतं, निळं. ‘अन्न टाकणं हा गुन्हा आहे’ या चालीवर असेल तर लाल.

नौपाड्याचा_प्रूफवाला
‘तब्बल’ राहिलं. तो शब्द झाकून वाचा. 17 चौरस किलोमीटर (अंदाजे आहे, चालेल) हे निळं, तब्बल लाल. ‘अवघे’, ‘केवळ’, ‘चक्क’ सगळी त्याच घरची मंडळी. मी डेस्कवर असताना तब्बल दिसला की काट मारायचो, बातमीदार वैतागायचे, म्हणायचे काका बातमीतला जीवच काढला तुम्ही. जीव नाही रे, तुझं मत काढलं.

ऐरोलीची_आई
खूप आभार सगळ्यांचे. ‘गुन्हा’ च्या आधीचं वाक्य आत्ता बघितलं, ‘कायदा काहीही म्हणो’ असं आहे 🙈 म्हणजे लाल. आणि उजेडाचा मुद्दा खरंच कुठेच नाही उताऱ्यात, पैज जिंकलात. मुलाने ‘तब्बल’ एकट्याखाली लाल रेघ मारली आणि पुढे निळी, मॅडम काय म्हणतात बघू. आता शेवटचं एक राहिलंय, ‘फ्लेमिंगो ही नवी मुंबईची ओळख आहे’. निळं की लाल?

घणसोली_फास्ट
महापालिका शहराला फ्लेमिंगो सिटी म्हणते हे निळं. ओळख आहे का, तर माझी नवी मुंबईची ओळख म्हणजे ठाणे-बेलापूर रोडचं संध्याकाळचं ट्रॅफिक, तेव्हा लालच करा.