कॉम्प्युटरवाल्याने फोन उचलला नाही, तर धंदा कोणाचा?

वाडीनाका (धागाकर्ता)

नागपूरजवळच्या वाडीत आमचं ट्रकच्या स्पेअर पार्ट्सचं होलसेल दुकान आहे. माणसं 14, कॉम्प्युटर 9. मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात अचानक सगळे ईमेल बंद. बाबा म्हणाले नेट गेलं, गोदामातला पोट्टा म्हणाला उंदराने केबल खाल्ली. दुसऱ्या दिवशी कळलं की आमच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइट आणि ईमेल ज्या नावावर चालतात त्या नावाची, मुदतच संपली आहे. आठवणीचे मेल जात होते कुठे, तर कधीकाळी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या जीमेलवर. डोमेन त्याच्याच खात्यात. तो आता पुण्यात नोकरीला. मुलगा भला निघाला, चार दिवसांत सगळं आमच्याकडे दिलं. नसता निघाला तर?

दुकानाच्या शटरच्या तीन चाव्या कोणाकडे आहेत ते बाबा झोपेतही सांगतील. म्हणून दुसऱ्या चाव्यांची यादी करायला बसलो. राउटरचा पासवर्ड नेट जोडून गेलेल्या माणसाकडे. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड सोडून गेलेल्या अकाउंटंटकडे. कॅमेऱ्याचं ॲप, बसवणाऱ्याच्या मोबाइलवर. म्हणजे आमचा गल्ला तो घरबसल्या बघू शकतो. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर सल्लागाराचा. पान भरलं, आणि आमचं स्वतःचं असं त्यात वीजबिल तेवढं निघालं.

माझं मत सांगतो. छोट्या धंद्यात कॉम्प्युटरच्या बाबतीत पहिली चूक जुनं मशीन ही नाही, फुकटचा अँटीव्हायरस ही पण नाही. मालकाला आपली वस्तू कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसतं, ती पहिली चूक. आणि हे आमच्या एकट्याचं नाही. जीएसटीची नोंदणी करताना मध्यस्थांनी स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकला, आता लॉगिन देत नाहीत, अशा तक्रारी इतक्या झाल्या की 2018 मध्ये सरकारला त्या भागाच्या कर अधिकाऱ्यामार्फत नंबर बदलून घेण्याची सोय करावी लागली.

पटतं का?

कळमन्याचा अडत्या

नाही पटत. तुमचा एक पोट्टा पुण्याले गेला अन् तुमी आमाले शहाणपण शिकवून राहिले. माझा कॉम्प्युटरवाला 15 वर्षांपासून आहे. रात्री दहाले बोलावलं तरी येते. पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायले होता. पासवर्ड मले कायले पाहिजे? मले दिला तर मी तो काट्याच्या बाजूले भिंतीवर लिहीन, अन् मग हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे वाचतील. माणूस सांभाळा, पासवर्ड आपोआप सांभाळला जाते.

अन् भेव दाखवणारे कमी आहेत का? माझ्या भावाले एकजण सांगून गेला की ऑडिट ट्रेलचा, म्हणजे हिशेबात कोणी कधी काय बदललं याच्या नोंदीचा, कायदा आला, नवीन सॉफ्टवेअर नाही घेतलं तर दंड. भावाची तर साधी प्रोप्रायटरी फर्म. मिरचीच्या सीझनमध्ये जेवायले वेळ नसते, अन् यायले यादी पाहिजे.

धरमपेठ सीए

अडत्याभाऊंचा एक मुद्दा बरोबर आहे, आधी तो. 1 एप्रिल 2023 पासूनची ऑडिट ट्रेलची सक्ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला तो नियम लागू नाही. त्या नावाखाली सॉफ्टवेअर विकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

बाकी मात्र मी वाडीनाकांच्या बाजूने. ई-वे बिलाला, म्हणजे ट्रकमधल्या मालासाठी पोर्टलवर काढायच्या परवान्याला, ओटीपीची सक्ती टप्प्याटप्प्याने आली आणि 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांना लागू झाली. तो ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? माझ्या एका अशिलाकडे तो बिलिंगच्या मुलाच्या नंबरवर यायचा. मुलगा गोंदियाला लग्नात, मोबाइल पाहुण्यांच्या खोलीत चार्जिंगला, आणि भरलेला ट्रक बुटीबोरीत उभा. पोर्टलवर सब-यूझर काढता येतात, प्रत्येकाला स्वतःचा नंबर. पाच मिनिटांचं काम, पण ते मालकाच्या लॉगिनमधून करायचं असतं, आणि गाडी तिथेच तर अडते.

खामला हार्डवेअर

इथे आमचीच बिनपाण्याने चालली आहे म्हणून लिहितो. मी 22 ऑफिसं सांभाळतो. पासवर्ड आम्ही दडवून ठेवत नाही हो, तुम्ही मागत नाही. मी दर दिवाळीला प्रत्येक मालकाला पाकिटात कागद देतो. जानेवारीत फोन येतो, “ते पाकीट कुठे ठेवलं माहीत नाही, तूच सांग.” सांगतो. परत तेच.

आणि वाडीनाका, नावावर करून घेतलं की झालं असं तुम्हाला वाटतंय, तिथे माझा विरोध आहे. डोमेन चार दिवसांत परत आलं ना? गेलेला डेटा येत नाही. मी पाहिलेली खरी चूक बॅकअपची आहे. रोज बॅकअप घेतो म्हणणारा अकाउंटंट सी ड्राइव्हचा बॅकअप डी ड्राइव्हवर घेतो. दोन्ही एकाच डिस्कवर! डिस्क बसली की मूळ आणि नक्कल एकाच चितेवर. दुसरा हुशार, पेनड्राइव्हवर घेतो, पण पेनड्राइव्ह वर्षभर मशीनलाच लावलेला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो पेनड्राइव्हला सोडेल का? आणि तो व्हायरस येतो कुठून? पायरेटेड सॉफ्टवेअर चालवायला अँटीव्हायरस बंद करून जो ॲक्टिव्हेटर टाकता ना, पुष्कळदा त्याच दाराने.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक जागेबाहेर. हे तर आता पोरंही सांगतात. मी वेगळं विचारतो. तुमच्यापैकी किती जणांनी बॅकअप परत उतरवून पाहिला आहे? माझ्या 22 पैकी तिघांनी. बाकीचे त्या तासाभराचे पैसे द्यायला तयार नाहीत, एएमसीतही (वर्षाच्या देखभालीच्या करारात) 200 रुपये कमी करा म्हणतात.

ओला सीताबर्डीकर

“जागेबाहेर” वर एक ओळ. 23 सप्टेंबर 2023, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला ती पहाट. आमचं ऑफिस तळमजल्यावर. कॉम्प्युटर टेबलाखाली, बॅकअपची हार्ड डिस्क कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात, चोरी होऊ नये म्हणून कुलपात. कुलूप शाबूत होतं. आत चिखल.

बुटीबोरी बी-शिफ्ट

जुनं मशीन ही चूक नाही म्हणता, त्यावर अर्धा विरोध. विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. टॅली चालते म्हणून लोक बसलेत. 2017 चा वॉनाक्राय, तो खंडणीवाला व्हायरस, आठवतो का? मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, हल्ला आला मे मध्ये. मधले दोन महिने “मग करू” म्हणणारे सापडले.

पण आमच्या शॉपफ्लोअरवर एका मशीनचा कंट्रोल अजून विंडोज एक्सपीवर आहे. अपडेट केला तर मशीनच चालणार नाही, आणि नवीन मशीन घ्यायचं म्हणजे फ्लॅट विकावा लागेल. म्हणून ते आम्ही नेटवर्कमधून तोडलं. प्रोग्रॅम एका ठरलेल्या पेनड्राइव्हने जातो, तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासून. तेव्हा “सगळं नवीन घ्या” म्हणणाऱ्यालाही माझा रामराम.

वाडीनाका

खामला, टोला मान्य. यादी केल्यावर मीही बॅकअप उतरवून पाहिला नव्हता. काल पाहिला. गेल्या एप्रिलपर्यंतचाच निघाला, पुढचं सगळं रिकामं. बॅकअपचा फोल्डर कोणीतरी बदलला होता. तरी माझं म्हणणं सोडत नाही. तो फोल्डर कोणी बदलला हे आम्हाला का कळलं नाही? कारण पाच जण एकाच ॲडमिन पासवर्डने आत जातात. म्हणजे फिरून चाव्यांवरच आलो.

अडत्याभाऊ, तुमच्या माणसाच्या सचोटीबद्दल मी अवाक्षर काढत नाही. पण तो हेल्मेट घालतो का? अमरावती रोडवरून येतो की नाही? माणूस चांगला असला म्हणून अमर होत नाही.

कळमन्याचा अडत्या

शुभ बोला जी. असं अभद्र बोलता काय?

खामला हार्डवेअर

अभद्र नाही, भाऊ. मागे आमच्याच लाइनमधला एक जण डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होता. त्याच्या तीन गिऱ्हाइकांनी मला बोलावलं. सर्व्हरचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. मी आयसीयूच्या दारात उभा राहून विचारणार होतो का?

कळमन्याचा अडत्या

बरं. तुमचं लिखाण पटलं नाही ते नाहीच. पण काल रात्री माझ्या कॉम्प्युटरवाल्या भौले विचारलं होतं, तुले काही झालं तर माझं काय? म्हणे सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड डायरीत आहेत, डायरी बायकोकडे. मग झालं ना! बायको कुठं पळून जाते?

धरमपेठ सीए

वहिनींचा नंबर आहे तुमच्याकडे?

कळमन्याचा अडत्या

तोच तर सकाळपासून मागून राहिलो. भौ फोन उचलून नाही राहिला.