'वेल-बिहेव्ह्ड' बायकांना मराठीत काय म्हणाल? आणि 'मेक हिस्टरी'चं काय करायचं?

लॉरेल थॅचर उलरिक या अमेरिकन इतिहासकार बाईंवर मराठीत टिपण लिहितेय आणि एका वाक्यापाशी गाडी अडलीय. 'वेल-बिहेव्ह्ड विमेन सेल्डम मेक हिस्टरी', शब्दशः म्हणजे नीट वागणाऱ्या बायका क्वचितच इतिहास घडवतात. टीशर्टवर, मगवर, गाडीमागच्या स्टिकरवर हे वाक्य सर्रास दिसतं, त्यामुळे बऱ्याच जणांना ती बंड करा सांगणारी घोषणा वाटते. पण मुळात ते १९७६ च्या एका शोधनिबंधातलं आहे, बाई तेव्हा पाच मुलं सांभाळत शिकत होत्या, पीएचडी व्हायला १९८० उजाडलं. निबंधाचा विषय १६६८ ते १७३५ या काळात न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, पाद्र्यांनी सद्गुणी बायकांबद्दल काय लिहिलं हा. त्यातल्या बऱ्याच जणी फक्त त्यांच्या मृत्यूनंतरच्या प्रवचनात उरल्यात. म्हणजे बाईंचं म्हणणं असं की अशा बायका इतिहासाच्या पुस्तकात येतच नाहीत, आणि ही चूक इतिहास लिहिणाऱ्यांची आहे.

आता 'इतिहास घडवणं' म्हटलं की मराठीत लगेच पराक्रम आठवतो, घोडा तलवार सगळं. तिथेच अर्थ उलटा होतो. आणि वेल-बिहेव्ह्डला गुणी लिहिलं तर लहान मुलीचं कौतुक वाटतं, सुशील म्हटलं तर लग्नाची जाहिरात. काय करू?

प्रतिसाद १
'वळणाच्या' घ्या की! 'मुलगी चांगल्या वळणाची आहे' हे आमच्याकडे आजी अजून म्हणते, त्यात वागणं आलं, घरचा दाबही आला, कोणीतरी वळण लावलंय हेही आलं. सोज्वळमध्ये तो दाब नाही. 'वळणाच्या बायका इतिहासात क्वचितच सापडतात' असं करून बघा.

प्रतिसाद २
वळणाच्या पटलं. 'सापडतात'बद्दल मात्र शंका आहे, कारण इंग्रजीत इतिहास घडवणं आणि इतिहासात नोंद होणं हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात बसलेत आणि टीशर्टवाला अर्थ त्याच फटीतून आला. 'इतिहासात नाव निघत नाही' चालेल का? नाव निघणं म्हणजे नावलौकिक पण, आणि कोणी साधी आठवण काढली तरी नाव निघालंच.

मूळ धागाकर्ती
नाव निघणं फारच आवडलं!! आता दुसरी अडचण. १९९० चं त्यांचं गाजलेलं पुस्तक, ज्याला १९९१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, ते मार्था बॅलर्ड या अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या सुईणीच्या डायरीवर आहे. १७८५ ते १८१२ अशी २७ वर्षं, ८१६ बाळंतपणं. आधीच्या अभ्यासकांनी ती घरगुती किरकोळ म्हणून बाजूला ठेवली होती. डायरीला रोजनिशी म्हणू की दैनंदिनी?

प्रतिसाद ३
माझं मत रोजकीर्दीला, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या वहीला. डायरी म्हटलं की मनातलं गुपित, आणि मार्थाबाई मनातलं फारसं लिहीतच नाहीत. आज हवा कशी, कोण आलं, नदी कशी ओलांडली, कुठे बाळंतपण झालं, आणि फी मिळाली की समासात दोन फुल्या. हा हिशोबच आहे हो. आपल्याकडे पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी धुंडाळून लोक इतिहास लिहितात, तिथे कोणी किरकोळ म्हणत नाही, मग बाईच्या रोजकीर्दीला का म्हणायचं? आणि दाई नको, सुईणच ठेवा. दाई म्हटलं की मूल सांभाळणारी पण डोळ्यापुढे येते.

मूळ धागाकर्ती
सुईण पक्कं. रोजकीर्द वाचणाऱ्याला थोडी अडखळेल, पण पहिल्यांदा 'सुईणीची रोजकीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च आणि रोजची हवा' असं लिहून टाकते. वाक्य सध्या असं झालंय: 'वळणाच्या बायकांचं इतिहासात सहसा नाव निघत नाही.' 'क्वचितच' काढलं, बोलताना जड जात होतं.