परसात लाकूड-प्लास्टिकचं ग्रीनहाऊस करायचंय, स्वस्तात कसं जमेल?

भेंडी_बहाद्दर: नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीला रो हाऊस आहे, मागे ८ बाय १२ फूट जागा. दरवर्षी जूनमध्ये टोमॅटो, सिमला मिरची लावते आणि ऑगस्टपर्यंत टोमॅटोवर करपा येऊन सगळं काळं पडतं, म्हणून यंदा लाकडी सांगाडा करून त्यावर प्लास्टिक टाकून चारी बाजूंनी बंद ग्रीनहाऊस करायचं ठरवलंय. बजेट ८-१० हजार, वर एक पैसा नाही (नवरा आत्ताच हसतोय). लाकूड कुठलं घेऊ, प्लास्टिक कुठलं?

सुतारकी_हौशी: ताई सागवानाच्या वाटेला जाऊच नका. पॅकिंगचं पाइनवुड बघा, भोसरी-चाकणकडे कंपन्यांची पॅलेट आणि पेट्या जुन्या भावात मिळतात, खिळे उपसताना जीव जातो पण लाकूड हलकं आणि कामाला सोपं. फक्त मातीत पुरू नका, वाळवी सोडत नाही. मी खाली काँक्रीटचे छोटे ठोकळे ओतले, त्यात लोखंडी पट्ट्या आणि त्यांना खांब बोल्ट केले. जळकं ऑइल फासा म्हणून सांगणारे भेटतील, भाजीच्या वाफ्याशेजारी ते नकोच.

गच्चीवाला_म्हातारा: पाइन कशाला, बुरूड आळीतून बांबू आणा की, निम्म्यात काम. प्लास्टिकवर मात्र कंजुषी नको. मी एकदा साधा पारदर्शक कागद आणून लावला, मे संपेस्तोवर पापडासारखा कडकडून तुकडे. पॉलिहाऊसवाले वापरतात तो २०० मायक्रॉनचा यूव्ही पेपर (उन्हात टिकणारं प्लास्टिक) घ्या. आणि थेट खिळा मारू नका, वळवाच्या वाऱ्यात त्याच भोकापासून चिरत जातो. कागदावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर लाकडी पट्टी, मग स्क्रू.

सुतारकी_हौशी: काका, बांबूला स्क्रू मारला की तो उभा तडकतो, मग ही पट्टी बसवणार कशावर? तारेने बांधायचं असेल तर ठीक.

मावळचा_माळी: अहो पण चारी बाजूंनी बंद कशाला करताय? थंड देशात ऊब धरायला करतात ते. आपल्याकडे एप्रिलात पारा ४० ला टेकतो, बंद प्लास्टिकच्या आत त्याहून भट्टी, टोमॅटोची फुलं गळून जातील. तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाऊस बघून या, बाजूचे पडदे गुंडाळता येतात आणि गरम हवा जायला वर फट ठेवलेली असते. तुमचं दुखणं ऊन-थंडी नाही, पाऊस आहे. पान तासन् तास ओलं राहिलं आणि मातीचे शिंतोडे उडाले की करपा पसरतो. बंद खोलीत दमटपणा कोंडून बुरशी उलट वाढेल. नुसतं छप्पर करा, बाजूंना जाळी लावा, पाणी झाडाच्या बुडाशी द्या. उन्हाळ्यात छपरावर ५०% शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) टाकायची, जूनमध्ये काढायची.

भेंडी_बहाद्दर: अरेच्चा, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे बाजूंचा कागद वाचला! मग छताला किती लागेल? आणि छत सपाट चालेल ना, सोपं पडतं.

गच्चीवाला_म्हातारा: हा पेपर २०० मायक्रॉनचा असला की चौरस मीटरला १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. चारी बाजूंनी फूटभर जास्त धरून १० बाय १४ म्हणजे १३ चौरस मीटर, तेव्हा अडीच किलो. वजनावर देणारा दुकानदार शोधा, रुंदी आधी विचारा, मध्ये जोड आला की गळणारच.

सुतारकी_हौशी: सपाट अजिबात नको!! पहिल्याच जोरदार सरीत मध्ये पाण्याची पखाल लोंबते आणि सांगाड्यासकट खाली. ८ फुटांच्या बाजूने उतार द्या, एकीकडे ७ फूट, दुसरीकडे साडेपाच. उतार शेजाऱ्यांकडे नको, भांडणं होतात, अनुभव आहे.

भेंडी_बहाद्दर: शेजारी चांगले आहेत हो, पण उतार आमच्याच नळाकडे देते, खाली पिंप ठेवीन. रविवारी भोसरी. खिळे उपसायला हसणाऱ्या माणसाला बसवणार आहे.

मावळचा_माळी: त्यांना जाड हातमोजे द्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही विचारा.